चौघांत एक पेटी

विज्ञानाच्या तासाला वर्गात गेलं की एकच गोष्ट मोजावी: आत्ता, या क्षणी, किती मुलांच्या हातात काही आहे? चाळीस मुलांचा वर्ग आहे, शिक्षक टेबलाशी उभं राहून चंचुपात्र हलवताहेत आणि पहिल्या बाकावरची दोन मुलं त्यांना मदत करताहेत. अशा तासाला प्रयोग तिघांनी केला. बाकीच्या अडतीस जणांनी तो लांबून पाहिला, आणि तिसऱ्या ओळीच्या मागे तर तोही नीट दिसला नाही. नंतर सगळ्या वह्यांत एकच निरीक्षण उतरतं, कारण ते फळ्यावर लिहिलेलं असतं.

गावातल्या शाळांबद्दल बोलताना 'प्रयोगशाळा नाही' हे कारण सगळ्यांत आधी पुढे येतं. ते खरंही आहे. पण जिथे कपाटभर साहित्य आहे तिथेही चित्र फारसं वेगळं नसतं. साहित्य असतं एकेकच: एक तराजू, एक सूक्ष्मदर्शक, एक लोलक (दोऱ्याला टांगलेला, झोके घेणारा गोळा). महागाचं म्हणून कुलपात राहतं आणि एकच असल्यामुळे टेबलावरून खाली येत नाही. मुलांना हवे असतात दहा संच, साधे असले तरी चालतील. एक चकचकीत लोलक आणि दहा दोरे-नट (दोऱ्याला बांधलेला बोल्टचा नट) यांत निवड करायची असेल तर डोळे मिटून दोरे-नट घ्यावेत.

हे करून दाखवलेलं आहे. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. 1978 मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर नेला गेला, 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला आणि 2002 मध्ये शासनाने तो बंद केला. सरकारी शाळा, नेहमीचेच शिक्षक, नेहमीचीच मुलं. मुलं चार-चारच्या टोळ्यांत बसायची, प्रत्येक टोळीला साहित्य मिळायचं, शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून अडचणी सोडवायचे आणि परीक्षा पुस्तक उघडं ठेवून व्हायची. मुलांनी प्रश्न विचारायला 'सवालीराम' नावाचं एक पात्र होतं. त्याला मुलं पत्रं लिहायची आणि उत्तरं यायची. तीस वर्षं हे चाललं, तेव्हा 'आपल्याकडे जमणार नाही' हा मुद्दा निकालात निघालेला आहे. उरतो प्रश्न नेमकं कसं, हा. पुढे त्याबद्दलच.

गट चौघांचा असावा. दोघांचा केला तर संच दुप्पट लागतात. सहा जणांचा केला तर दोघं नक्कीच खिडकीबाहेर बघतात. चौघांत कामं चार: एक साहित्य हाताळणार, एक मोजणार, एक वेळ किंवा क्रम पाहणार, एक लिहिणार. ही कामं दर प्रयोगाला बदललीच पाहिजेत आणि बदल शिक्षकांनी स्वतः जाहीर करावा. गटावर सोडलं तर काय होतं ते कुठल्याही वर्गात दिसतं: मुलगे साहित्य हातात घेतात आणि लिहायचं काम मुलींकडे जातं, कारण 'तिचं अक्षर चांगलं आहे'. वर्षभर असं चाललं तर त्या मुलीने तीसेक प्रयोग लिहिलेले असतात, केलेला एकही नसतो. सोपा उपाय म्हणजे पेटीच्या झाकणावर आतून चार नावं गोलात लिहायची आणि मधोमध टाचणीने पुठ्ठ्याचा एक बाण लावायचा. बाण ज्याच्याकडे, त्याच्या हातात आज साहित्य. पुढच्या वेळी बाण एक घर पुढे.

पेटी म्हणजे बुटांचा खोका पुरतो. त्यात सुईविना 10 मिलीची नवी सिरिंज, दोन मीटर जाड शिवणदोरा, एकाच मापाचे सहा लोखंडी नट, तीस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, रबर बँड, तीन मेणबत्त्या, दोन चुंबक, एक भिंग, चार स्ट्रॉ आणि दोन पारदर्शक सरळ बाटल्या. सिरिंज ही यातली सगळ्यांत कामाची वस्तू. तिच्यावरच्या खुणा मोजपात्रापेक्षा बारीक असतात, ती पडली तरी फुटत नाही, आणि 1 मिली पाण्याचं वजन 1 ग्रॅम भरतं म्हणून घरी बनवलेल्या तराजूला वजनंही तीच पुरवते. दवाखान्यातल्या वापरलेल्या सिरिंजा मात्र कधीही घेऊ नयेत, उकळून दिल्या तरी. चुंबक एकमेकांना चिकटवूनच परत ठेवायचे. सुटे राहिले, आपटले, तापले की त्यांचा जोर जातो. झाकणावर बाहेरून वस्तूंची यादी संख्येसह चिकटवावी आणि तास संपायला पाच मिनिटं असताना मोजणी व्हावी. ही पाच मिनिटं वाचवायला गेलेली पेटी दोन महिन्यांत अर्धी होते. एकदा पेटी अर्धी झाली की शिक्षक पुन्हा टेबलाकडे वळतात.

आता एक प्रयोग अगदी जवळून पाहू. लोलक. दोरा, नट आणि घड्याळ, बाकी काही नाही. जमिनीपासून मीटरभराहून उंच जागी, जसं टेबलावर ठेवलेल्या बाकावर, दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून त्यांच्यामध्ये दोरा चिमटीत धरायचा, रबर बँडने पट्ट्या आवळायच्या, टोक बाकाबाहेर काढायचं आणि वर पुस्तकांचं वजन ठेवायचं. दोरा हातात धरून चालत नाही. हात नकळत हलतो आणि लोलकाला ढकलत राहतो. लांबी 25, 50, 75 आणि 100 सेंटिमीटर घ्यायची. नट एका बाजूला थोडासाच ओढायचा, 100 सेंटिमीटरला दहा-बारा सेंटिमीटर पुरे, आणि ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. वीस झोक्यांना (नट जाऊन परत आला की एक झोका) लागणारा वेळ मोजायचा. नीट केलं तर साधारण 20, 28, 35 आणि 40 सेकंद येतात.

इथे काय काय बिघडतं ते आधी माहीत असलं तर तास सोन्यासारखा जातो. पहिलं, मोजणी. मुलं नट सोडताना 'एक' म्हणतात. 'वीस' म्हणेपर्यंत झोके झालेले असतात एकोणीस आणि 25 सेंटिमीटरला वेळ येते 19 सेकंद. सोडताना 'शून्य' म्हणायला लावायचं, पण आधीच सांगून नव्हे. दोन गटांची उत्तरं 19 आणि 20 अशी वेगळी येऊ द्यावीत, मग दोन्ही गटांना एकमेकांसमोर पुन्हा मोजायला सांगावं. चूक मुलंच पकडतात. दुसरं, लांबी. ती गाठीपर्यंत मोजली जाते, मोजायला हवी लटकवलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत. तिसरं, झोका मोठा घेतला जातो. साठ अंशांपर्यंत ओढून सोडला तर वेळ सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि 'झोका लहान असो वा मोठा, वेळ तीच' हे पुस्तकातलं वाक्य मुलांच्या आकड्यांशी जुळत नाही. ते वाक्य लहान झोक्यांपुरतंच खरं आहे. मुलांनी ते हातून शोधलं तर त्यांच्या आकड्यांवर काट मारू नका.

चौथी चूक सगळ्यांत गमतीची आणि सगळ्यांत शिकवणारी. वजन वाढवल्यावर वेळ बदलते का, हे पाहायला मुलं दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधतात. वजन वाढतं, पण त्याबरोबर भाराचा मध्यही खाली सरकतो, म्हणजे लोलक लांब झाला. वेळ थोडी वाढते. सगळा गट छातीठोकपणे लिहितो की जड लोलक हळू हलतो. आकडे त्यांच्याच बाजूने आहेत! आता त्यांना इतकंच विचारायचं: 'दोन नट बांधल्यावर दोऱ्याची लांबी कुठून कुठपर्यंत धरली?' नट एकाच उंचीला शेजारी-शेजारी बांधले की फरक नाहीसा होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाठ करून घेऊन जेवढा कळत नाही, तेवढा या दोन नटांतून कळतो.

घड्याळ एकच असेल तर? मग उलटं मोजा. शिक्षकांनी 'सुरू' म्हणायचं, बरोबर एक मिनिटाने 'थांबा' म्हणायचं, आणि सगळ्या गटांनी त्या मिनिटात झालेले झोके मोजायचे. 25 सेंटिमीटरला जवळपास 60, 100 सेंटिमीटरला जवळपास 30. दहा गट, एक घड्याळ, एक मिनिट. मग फळ्यावर सगळ्या गटांचे आकडे शेजारी-शेजारी लिहायचे, चुकलेलेसुद्धा. लांबी दुप्पट केल्यावर झोके निम्मे होतील असं जवळजवळ प्रत्येक मूल आधी सांगतं. निम्मे होतात ते लांबी चौपट केल्यावर. हा अंदाज प्रयोगाआधी वहीत लिहून घेतलाच पाहिजे. न लिहिलेला अंदाज नंतर 'मला माहीतच होतं' होऊन जातो.

दुसरा प्रयोग मेणबत्तीचा, आणि याबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. ताटलीत सेंटिमीटरभर पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पेला उपडा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की ज्योतीने ऑक्सिजन संपवला, तो हवेत एक-पंचमांश असतो, म्हणून पाणी एक-पंचमांश चढलं. हे स्पष्टीकरण चूक आहे, आणि ते चूक आहे हे सातवीतलं मूल स्वतः दाखवू शकतं.

पेल्याला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून सेंटिमीटरच्या खुणा करा. एका मेणबत्तीला पाणी किती चढलं ते लिहा. मग त्याच पेल्याखाली दोन, मग तीन मेणबत्त्या. ऑक्सिजन तर पेल्यात तेवढाच आहे, पण पाणी दर वेळी जास्त चढतं. आणि नीट बघा, चढतं कधी? ज्योत जळत असताना फारसं नाही, विझल्यावर भराभर. पेला घालताना काठाशी बुडबुडेही निघतात. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर ते लपत नाहीत. म्हणजे ज्योतीने हवा तापली, फुगली, काही बाहेर गेली, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसली. जळताना तयार झालेली वाफही पेल्याच्या भिंतीवर पाणी होऊन बसली. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यात बराचसा ऑक्सिजन शिल्लकच असतो. हवेत तो सुमारे 21 टक्के असतो आणि साधारण 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत तग धरत नाही.

पडताळा म्हणून ज्योतीशिवाय करून पाहा. पेला गरम पाण्याने विसळा, पाणी ओता आणि लगेच ताटलीतल्या पाण्यात उपडा ठेवा. काही जळलं नाही, तरी पाणी चढतं. काचेचा पेला एकदम उकळत्या पाण्याने तडकतो, म्हणून पाणी हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम, एवढंच. ओतायचं काम मोठ्यांनी करावं.

मग हवेत ऑक्सिजन खरंच एक-पंचमांश आहे हे कसं दाखवायचं? गंजाने. गंजणं मंद असतं, हवा तापवत नाही आणि ऑक्सिजन जवळजवळ शेवटपर्यंत वापरतं. अरुंद, सरळ बाटली आतून ओली करा, लोखंडाचा बारीक कीस आत टाकून बाटली फिरवा म्हणजे तो भिंतींना चिकटेल, आणि बाटली पाण्याच्या ताटलीत उपडी उभी करा. दोन-तीन दिवसांत पाणी सुमारे एक-पंचमांश उंचीपर्यंत चढून थांबतं. हा प्रयोग फसण्याची कारणं ठरलेली आहेत. किसावर यंत्राचं तेल असतं, म्हणून तो आधी साबणाने आणि मग लिंबाच्या रसाने धुवावा. भांडी घासायची तारेची घासणी बहुतेकदा न गंजणाऱ्या पोलादाची असते, ती आठवडाभर ठेवली तरी काही होत नाही. आणि पाण्याची पातळी रोज एकाच वेळी, सकाळी, वाचावी. दुपारी खोली दहा अंशांनी तापली तर आतली हवा तीनेक टक्के फुगते आणि मुलांना वाटतं, पाणी उतरलं.

शिक्षकाने वर्गात 'मीही आजवर हे चुकीचं सांगत आलो' असं म्हणणं सोपं नसतं. पण मेणबत्त्यांची संख्या बदलून पाहिलेली मुलं ते म्हणायची वेळ आणतातच, आणि तो त्या वर्गाचा फार चांगला दिवस असतो.

गावातल्या शाळेकडे एक गोष्ट अशी आहे की ती शहरातल्या प्रयोगशाळेला सहज मिळत नाही: शाळेबाहेर पाऊल टाकलं की माती, पाणी, पिकं, किडे, ढग. त्याचा उपयोग सहलीपुरता करू नये. मातीचंच घ्या. प्रत्येक गटाने तीन जागांची माती आणायची: शेतातली, ओढ्याकाठची, वाटेवरची तुडवलेली. ढेकळं फोडून, खडे काढून, लिटरभराच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, अर्धा चमचा कपडे धुण्याची पावडर. पावडरीमुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात. झाकण लावून पूर्ण पाच मिनिटं हलवायचं. घड्याळ लावून, चौघांनी आळीपाळीने, कारण इथेच सगळे कंटाळतात, आणि कमी हलवलेल्या बाटलीत चिकणमातीच्या गोळ्या वाळूबरोबर खाली बसतात. मग बाटली खिडकीत ठेवायची आणि पुन्हा हलवायची नाही. एका मिनिटाने पहिली खूण, तोवर वाळू बसलेली असते. दोन तासांनी दुसरी, ती गाळाची. चिकणमातीला दिवस-दोन दिवस लागतात, काळ्या मातीत त्यानंतरही पाणी गढूळच राहू शकतं. तिन्ही थरांची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून टक्केवारी काढली की गणिताचाही तास झाला.

त्याच तीन जागांवर पाणी किती वेळात मुरतं ते मोजा. दहा सेंटिमीटर व्यासाचा डबा, दोन्ही तोंडं कापलेली, धार ठोकून बोथट केलेली, तीन-चार सेंटिमीटर जमिनीत दाबायचा आणि 250 मिली पाणी हळूच ओतायचं. या डब्यात ते पाणी सुमारे 32 मिलिमीटर उंच उभं राहतं, म्हणजे 32 मिलिमीटर पाऊस एकदम पडल्यासारखं. पाणी दिसेनासं होईपर्यंतची वेळ लिहा. लगेच दुसऱ्यांदा ओता, आणि ही वेळ जास्त येते, कारण वरचा थर आधीच भिजलेला आहे. एका गटाने कोरड्या जमिनीवर आणि दुसऱ्याने ओल्या जमिनीवर मोजलं तर तुलना फसते. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिलं पाणी क्षणात गडप होतं. ते भेगेतून गेलं, मातीतून नाही. हे शिक्षकाला सुचण्याआधी एखादं शेतकऱ्याचं मूल सांगतं. जे मूल एरवी गप्प बसतं ते अशा तासाला बोलतं, कारण इथे त्याला खरोखर जास्त माहीत असतं. वर्गातला सहभाग म्हणजे मला तरी हेच वाटतं: मुलाला आधीपासून असलेल्या माहितीला तासात किंमत मिळणं.

हळदीच्या कागदाबद्दल थोडक्यात. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लालसर तपकिरी होतो, लिंबाने काहीच होत नाही. इथे मुलं हमखास लिहितात, 'लिंबू उदासीन आहे.' चूक मुलांची नाही, हळदीला आम्ल आणि उदासीन यांत फरक दाखवता येत नाही. आधी साबणाने लाल केलेल्या डागावर लिंबाचा थेंब टाकायचा, पिवळा रंग परत येतो. जोडीला जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी ठेवावं, ते आम्लाने गुलाबी-लाल आणि आम्लारीने हिरवट होतं. खाण्याचा सोडा हळदीवर धड लालही होत नाही, धड पिवळाही राहत नाही, आणि गटागटांत वाद होतो. होऊ द्यावा. तो सौम्य आम्लारी आहे आणि हळदीचा रंग नेमका त्याच्याच आसपास बदलतो.

चुन्याच्या निवळीत फुंकर मारायचा प्रयोग सगळे करतात. ती पांढरी झाल्यावर उत्साहाने फुंकतच राहिलं तर ती पुन्हा नितळ होते, कारण तयार झालेला अविद्राव्य पदार्थ आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाल्यावर विरघळणाऱ्या पदार्थात बदलतो. मुलांना वाटतं प्रयोग बिघडला. पुढे गेलाय खरं तर. निवळी मात्र शिक्षकांनी आदल्या दिवशी करून, वरचं स्वच्छ पाणी तेवढं काढून द्यावं. चुना मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. आणि स्ट्रॉने फुंकायचं, ओढायचं नाही, हे प्रत्येक गटाकडून एकदा साध्या पाण्यात करून घ्यावं.

भाषेचं काय करायचं? पुस्तकात 'दोलन' आणि 'आवर्तकाल' आहे, मुलं म्हणतात 'झोका', 'हेलकावा'. पुस्तकात 'बाष्पीभवन' आहे, घरात 'पाणी आटलं' किंवा 'सुकलं'. प्रयोग चालू असताना मुलांचेच शब्द वहीत यावेत. तासाच्या शेवटी, गोष्ट हातून होऊन गेल्यावर, पुस्तकाचा शब्द तिच्या शेजारी लिहावा. उलट क्रमाने केलं की मूल शब्दाची व्याख्या पाठ करतं आणि डबक्यातलं आटलेलं पाणी हेच बाष्पीभवन आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. काही शब्दांपाशी मात्र थांबावं लागतं. 'आटणं' चुलीवरच्या उकळत्या पातेल्यालाही लागू आणि उन्हातल्या डबक्यालाही. विज्ञानात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक चर्चेला घेण्यासारखा आहे.

वेळ हा खरा अडसर. पस्तीस मिनिटांच्या तासात साहित्य वाटायला पाच, मोजून ठेवायला पाच, अंदाज लिहायला पाच, मग प्रयोगाला वीस उरतात आणि चर्चा राहून जाते. मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून एकदा दोन तास सलग घ्यावेत, बाकीचे तास वाचन आणि लिखाणाला. दर आठवड्याला एक प्रयोग नीट झाला तरी वर्षात तीसेक होतात. दोन इयत्ता एकाच खोलीत बसत असतील तर लोलक, माती, बी रुजवणं असे प्रयोग दोघांनाही एकत्र द्यावेत. लहान मुलांनी मोजायचं, मोठ्यांनी त्याच आकड्यांचा आलेख काढायचा. आणि प्रयोग वर्गात नेण्याआधी शिक्षकांनी तो त्याच साहित्यावर एकदा स्वतः करून पाहिलाच पाहिजे. वरच्या सगळ्या चुका त्या एका वेळी दिसतात.

परीक्षेत मात्र 'लोलकाची व्याख्या लिहा' असंच येत राहिलं तर मुलांना महिन्याभरात कळतं की प्रयोग ही करमणूक होती. प्रश्न प्रयोगातूनच काढावा. 'एका गटाला 25 सेंटिमीटर लोलकाच्या वीस झोक्यांना 19 सेकंद लागले, दुसऱ्याला 20. पहिल्या गटाकडून काय झालं असेल, आणि ते तपासायला तुम्ही काय कराल?' तीन गुण असतील तर कारणाला एक आणि तपासण्याच्या रीतीला दोन. कुणी लिहिलं की लांबी 25 सेंटिमीटरपेक्षा कमी राहिली असेल किंवा घड्याळ उशिरा सुरू केलं असेल, तर तेही बरोबरच धरावं, तपासायची रीत त्याला जुळत असली तर.

खिडकीशी एक डबा ठेवावा, त्यात मुलांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. सगळ्यांची उत्तरं देत बसू नये. दर पंधरवड्याला एक असा प्रश्न निवडावा की ज्याचं उत्तर पेटीतल्या साहित्याने काढता येईल. मेणबत्तीच्या तासानंतर हा प्रश्न बऱ्याचदा येतो: एकाच बरणीखाली एक उंच आणि एक बुटकी मेणबत्ती ठेवली तर आधी कोणती विझेल? कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, हे वाचलेली मुलं ठामपणे बुटकीचं नाव घेतात. लिटरभराची बरणी, एक मेणबत्ती आठ सेंटिमीटरची आणि एक तीनची. अंदाज लिहून घ्या, मग बरणी घाला. बहुतेक वेळा उंच आधी जाते, कारण जळून निघालेला वायू गरम असतो आणि गरम असेपर्यंत तो वरच जमतो. एखाद्या गटाची बुटकी आधी विझली तर बरणी रुंद होती का, मेणबत्त्या भिंतीला चिकटून होत्या का, वाती सारख्या होत्या का, हे त्याच गटाकडून लिहून घ्यावं आणि पुढच्या आठवड्याचा प्रयोग तिथूनच सुरू करावा.